नर्सिंगचा इंटरव्ह्यू आहे, काय विचारतात हो? वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

यावेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत, नर्सिंगची ॲडमिशन आणि तिथला इंटरव्ह्यू. आधी एक क्लिअर करते म्हणजे निम्म्या लोकांचं टेन्शन इथेच जाईल. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगला राज्याची सीईटी आहे, त्यात मार्क, मग मेरिट लिस्ट, मग राउंड, मग कॉलेज, तिथे तुम्हाला खुर्चीत बसवून कोणी प्रश्न विचारत नाही. इंटरव्ह्यू असतो तो आर्मीच्या नर्सिंग कॉलेजांसाठी, काही मिशनच्या आणि ट्रस्टच्या संस्थांत, आणि परदेशात. हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांनीच पुढचं वाचा, बाकीच्यांनी बायोलॉजी करा.

प्रश्न : सिस्टर, मी कराडजवळच्या गावातली आहे. नीट दिली होती, एमबीबीएसला लागणार नाही हे नक्की झालंय. मिलिटरी नर्सिंगचा फॉर्म भरला होता, शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं आणि दिल्लीला बोलावलंय. आमच्या घरात कोणी आर्मीत नाही, त्यामुळे काही माहितीच नाही. एक क्लासवाले पंधरा हजार मागतायत फक्त इंटरव्ह्यूच्या तयारीचे. लावू का?

उत्तर : अगं पहिल्यांदा अभिनंदन, नाव लागलं हीच मोठी गोष्ट आहे. सगळ्या देशातून २२० सीट, आणि त्याही सहा कॉलेजांत मिळून, पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज), मुंबईचं अश्विनी (नौदलाचं हॉस्पिटल), मग कोलकाता, दिल्ली, लखनऊ, बंगळुरू. पंधरा हजार आईकडेच राहू देत, त्यातले थोडे दिल्लीच्या तिकिटाला लागतील.

आता तिथे काय असतं ते बघ. २०२२ पासून नीटच्या मार्कांवरून शॉर्टलिस्ट लागते, त्यानंतर कॉम्प्युटरवर इंग्लिश आणि बुद्धिमत्तेची छोटी टेस्ट, मग मानसशास्त्रीय चाचणी, मग इंटरव्ह्यू आणि शेवटी मेडिकल. पोरी इंटरव्ह्यूलाच घाबरतात आणि मेडिकलला गृहीत धरतात, हे अगदी उलटं आहे. उंची किमान १५२ सेंटिमीटर लागते (ईशान्येकडच्या मुलींना वगैरे सवलत आहे, आपल्याला नाही), ती घरच्या भिंतीवर पेन्सिलीनं नको, दवाखान्यात जाऊन मोजून घे. हिमोग्लोबिन आजच तपास. बायकांचं १२ च्या वर असावं आणि आपल्याकडे कॉलेजच्या पोरींचं नऊ-दहा निघतं हे मी कायम बघत आलेय, आणि ते आदल्या आठवड्यात बीट खाऊन वाढत नाही. दात किडलेला असेल तर भरून घे, कान डॉक्टरकडून साफ करून घे.

इंटरव्ह्यूचं म्हणशील तर समोर बसलेल्यांच्या हातात तुझे नीटचे मार्क असतात, हे डोक्यात ठेवून आत जा. म्हणजे "मला लहानपणापासून नर्सच व्हायचं होतं" असं तू म्हणालीस की खेळ तिथेच संपला, कारण नीट तू कशासाठी दिलीस हे त्यांना दिसतंय, तुझ्या आधीच्या आणि नंतरच्या मुलीनंही त्याचसाठी दिलेली असते. हमखास विचारतात, पुढच्या वर्षी एमबीबीएस मिळालं तर हे सोडून जाशील का? इथे खरं बोल. डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले, मग नर्सिंग काय असतं ते नीट बघितलं आणि आता ठरवलंय, पुन्हा नीट देणार नाही. आणि देणार असशील तर मग फॉर्म भरायलाच नको होता, कारण तिथे बाँड लिहून द्यावा लागतो आणि अर्ध्यात सोडलं तर पैसे भरावे लागतात, हे सगळं नोटिफिकेशनमध्ये छापलेलं असतं आणि ते वाचलंय का हेही ते विचारतात. बदल्यात चार वर्षं राहणं-जेवण फुकट, वर स्टायपेंड, आणि पास होऊन मेडिकलमध्ये फिट ठरलीस की लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. शेतकऱ्याच्या घरात ह्याचा अर्थ काय होतो ते तुला मी सांगायला नको. आणि हे कारण इंटरव्ह्यूत सांगायची लाज वाटून घेऊ नकोस. "घरची परिस्थिती बेताची आहे, मला शिकता शिकता स्वतःच्या पायावर उभं राहायचंय" हे वाक्य "देशसेवा" ह्या एका शब्दापेक्षा जास्त पटतं.

वाचायचं म्हणशील तर थोडंच वाच पण पक्कं वाच. रँक क्रमानं पाठ हव्यात, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, आणि खांद्यावर दोन स्टार म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन, हे समोरच्या मॅडमच्या खांद्याकडे बघून तुला ओळखता आलं पाहिजे. मिलिटरी नर्सिंगचा थोडा इतिहास बघून जा. १८८८ च्या मार्चमध्ये दहा नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या तिथून ही गोष्ट सुरू होते, आणि १ ऑक्टोबर १९२६ ला ती सर्व्हिस कायमची झाली म्हणून तो दिवस पाळतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांनाच येते, ही मुंबईची गोष्ट फार थोड्या मुली सांगतात. महिनाभराचा पेपर वाच, निदान आरोग्याच्या बातम्या तरी. आणि कराडचीच आहेस तर साताऱ्याचं मिलिटरी अपशिंगे गाव तुला माहीत असायलाच हवं, तिथे घरटी माणूस फौजेत आहे. घरात नसलं कोणी आर्मीत तरी एका रविवारी एसटीनं जाऊन एखाद्या रिटायर्ड सुभेदार काकांशी बोलून ये, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ते स्वतः कधी ॲडमिट होते का ते विचार. पंधरा हजारांच्या क्लासात हे मिळणार नाही.

प्रश्न : मी संगमनेरची. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमसाठी (नर्सिंगचा डिप्लोमा) जायचंय, तिथे मॅडम लोक समोर बसवून बोलतात असं ऐकलंय. "तुला नर्स का व्हायचंय" याचं उत्तर मी लिहून काढलंय, मला रुग्णसेवेची आवड आहे, सेवा हाच धर्म वगैरे. तुम्ही चेक करून द्याल का? आणि अजून काय काय विचारतात?

उत्तर : चेक केलं. फाडून टाक.

रागावू नकोस. मी ह्या खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं बसलेय आणि एका दिवसात हेच उत्तर इतक्यांदा ऐकलंय की चौथ्या मुलीपासून कानात शिरतच नाही. सेवेची आवड खोटी असते असं मी म्हणत नाही, पण त्या वाक्यावरून मला तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. पॅनेलला एवढंच बघायचं असतं की हे काम काय आहे ते हिला माहितीये का, आणि सहा महिन्यांनी पहिल्या नाइट ड्यूटीनंतर बॅग भरून ही घरी पळणार नाही ना. अर्ध्यात सुटलेली सीट वाया जाते, आणि मुलीचं वर्षही.

एक मुलगी आठवते. तिला विचारलं, नर्सिंगचं काय माहितीये? ती म्हणाली, फार नाही, पण आजीला पॅरालिसिस झाला तेव्हा मी तिचं सगळं करायचे, पहिल्यांदा डायपर बदलला तेव्हा मला उलटी झाली, दुसऱ्या दिवशी नाकाला ओढणी बांधून केलं, नंतर ओढणी पण लागेना. मग आम्ही विचारलं, आजीला जखमा झाल्या का पाठीवर? म्हणाली, माकडहाडापाशी लाल झालं होतं, मग पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) सिस्टरनी सांगितलं की दर दोन तासांनी कूस बदल आणि टाचांखाली कपड्याची गुंडाळी दे, मग आई आणि मी रात्री आलार्म लावून पाळी लावली. झालं, आमचा इंटरव्ह्यू तिथेच संपला, पुढे मी तिला फक्त भाऊ-बहीण किती ते विचारलं, उगीच आपलं. तिला बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. पण तिला जे माहीत होतं त्याच्यासाठी आम्ही पहिल्या वर्षातले कित्येक तास खर्च करतो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच सहकारी नर्सला, अरुणा शानबागला, १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर, सांभाळलं आणि पाठीला जखम होऊ दिली नाही असं सगळे कौतुकानं सांगतात ना, ते काय होतं तर हेच, दर ड्यूटीला कोणीतरी कूस बदलत होतं.

तुझ्या घरी अशी आजी नसेल तर तयारी म्हणून एक कर. जवळच्या पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात जा, इनचार्ज सिस्टरना विचार की मला नर्सिंगला जायचंय, एक दिवस बाकड्यावर बसून बघू का. बहुतेक जणी हो म्हणतात, आणि नाही म्हणाल्या तर ओपीडीत कोणाच्या तरी सोबत जा. आणि बघ. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला काय काय सांगते, सलाईन संपलं की कोण ओरडतं आणि कोण गप्प बसतं, झाडणाऱ्या मावशींनी पिवळी पिशवी वेगळी आणि लाल वेगळी का बांधली (पिवळ्यात रक्ताचा कापूस, बँडेज, लाल मध्ये सलाईनच्या नळ्यांसारखं प्लॅस्टिक, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात). एवढं बघून आलेली मुलगी इंटरव्ह्यूत वेगळीच बोलते.

आता काय विचारतात. पुरुष पेशंटला बेडपॅन देशील का? हा ठरलेला प्रश्न आहे आणि तो तुझा चेहरा बघायला विचारतात. हसू नको, लाजू नको, "हो, शिकवलं तसं करीन, पडदा लावून" एवढं पुरे. पेशंटचा भाऊ अंगावर ओरडत आला तर? इथे मुली एक तर "मी शांतपणे समजावीन" म्हणतात किंवा "सिक्युरिटीला बोलावीन". खरं उत्तर मधलं आहे, आधी तो कशावरून ओरडतोय ते ऐकायचं, कारण दहातल्या आठ वेळा त्याला दोन तास कोणी काही सांगितलेलंच नसतं, आणि हात उगारला तर मात्र बाजूला व्हायचं आणि लगेच सिनियरला हाक मारायची. चुकून दुसऱ्याच पेशंटला गोळी दिली गेली तर? लगेच सांगायचं, सिस्टरला, डॉक्टरला, आणि पेशंटपाशी थांबायचं. लपवायचं नाही. हा प्रश्न ज्ञानाचा नाहीये, इथे "असं माझ्याकडून होणारच नाही" म्हणणाऱ्या मुलीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

कधी कधी एखादी मॅडम हात पुढे करते, माझी नाडी मोज. मनगटाला अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवायची, स्वतःचा अंगठा लावायचा नाही कारण अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो आणि आपण आपलाच मोजत बसतो, घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाची ६० ते १००. घरी सगळ्यांची मोजून प्रॅक्टिस कर, बाबांची, शेजारच्या काकूंची. ताप ९८.६ फॅरनहाइट म्हणजे ३७ सेल्सिअस, श्वास मिनिटाला १२ ते २०, बीपी १२० बाय ८०, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

कपडे साधे, इस्त्रीचे, केस बांधलेले, नखं कापलेली आणि नेलपॉलिश नाही. नखं आम्ही बघतोच. आणि बाहेर बसलेली असताना पाणी आणून देणाऱ्या मावशींशी तू कशी बोलतेस तेही आत पोचतं, मावशी आमच्याच असतात.

प्रश्न : माझी मुलगी हुशार आहे पण मराठी मीडियम, लाजाळू, चार लोकांत तोंड उघडत नाही. इंटरव्ह्यूत इंग्रजी येत नाही म्हणून काढतील का? मी सोबत आत गेलो तर चालेल का? (हिंगोली)

उत्तर : दादा, आत जाऊ नका. पालक उत्तर द्यायला लागले की आमचं पेन खाली ठेवलं जातं. आर्मीवाल्या इंटरव्ह्यूला इंग्रजी लागतं, नाकारून उपयोग नाही, पण मोडकं चालतं, अडलं तर "मे आय ॲन्सर इन हिंदी" विचारायचं. इतर ठिकाणी मराठी चालते. लाजाळूपणाचं म्हणाल तर वॉर्डात बडबड्या मुलींपेक्षा ऐकून घेणाऱ्या जास्त चालतात, फक्त आवाज समोरच्या बेडपर्यंत पोचला पाहिजे. तुम्ही एक करा, रोज संध्याकाळी पेपरमधली एक बातमी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि मग पेपर मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, आणि मध्ये बोलू नका. हे शेवटचं तुम्हालाच अवघड जाणार आहे.

प्रश्न : मी मुलगा आहे, उदगीर. मित्र चिडवतात की पोरींचा कोर्स करतो म्हणून. मला आर्मी नर्सिंग करायचंय, मुलांना इंटरव्ह्यूत वेगळं विचारतात का?

उत्तर : अरे आर्मीचा बीएस्सी नर्सिंग कोर्स फक्त मुलींसाठी आहे, तिथे वेळ घालवू नकोस, मुलांना आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती असते, तो रस्ता वेगळा. साध्या बीएस्सी आणि जीएनएमला मुलांना घेतात. वेगळं विचारतात का, तर हो, एक विचारतात, बाई पेशंट तुझ्याकडून करून घ्यायला नको म्हणाली तर? उत्तर सोपं आहे, नाराज न होता सिस्टरला पाठवायचं, आणि बाईंची प्रायव्हसी जपायला लागणारी कामं तसंही सोबत एखादी सिस्टर घेऊनच करायची. मित्रांचं सोड. कॅज्युअल्टीत रात्री दोनला नव्वद किलोचा ॲक्सिडेंटचा पेशंट स्ट्रेचरवरून उचलायचा असतो तेव्हा आम्ही सगळ्याजणी "ब्रदर कुठेयत" म्हणूनच ओरडतो.

प्रश्न : आम्ही बारा वर्षं इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. मुलीला इथल्या युनिव्हर्सिटीचा नर्सिंगचा इंटरव्ह्यू आलाय, एमएमआय म्हणतात, खोल्या बदलत जायचं. आम्हा दोघांना यातलं काहीच कळत नाही, भारतातल्यासारखंच का?

उत्तर : मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. एका मोठ्या इंटरव्ह्यूऐवजी छोटी छोटी स्टेशनं असतात, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, एका ठिकाणी प्रश्न, दुसऱ्या ठिकाणी एखादा नट चिडलेला नातेवाईक बनून बसलेला, तिसऱ्या ठिकाणी औषधाच्या डोसाचं गणित. एक स्टेशन बिघडलं तरी पुढच्या खोलीत नवीन माणूस असतो, त्याला मागचं माहीत नसतं, हे तिला सांगा, पोरी पहिल्या खोलीतलं रडं तिसऱ्या खोलीपर्यंत नेतात.

तिथे मुळात फॉर्म भरतानाच शाखा निवडलेली असते, अडल्ट, चाइल्ड, मेंटल हेल्थ किंवा लर्निंग डिसॅबिलिटी. म्हणून "नर्सिंग का" च्या जोडीला "हीच शाखा का" हा प्रश्न येणारच आणि तिथे गुळमुळीत उत्तर चालत नाही. एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) घटनेतली सहा मूल्यं आणि २०१२ मध्ये आलेले नर्सिंगचे सहा 'सी' वाचून ठेवायला सांगा, सहा 'सी' म्हणजे केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट. पण पाठ म्हणून दाखवायचे नाहीत, प्रत्येकासाठी स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग हवा. शनिवारी दुकानात काम करते? गिऱ्हाईक भडकलं तेव्हा काय केलं, चालेल. भारतात आल्यावर आजोबांना इन्सुलिन देताना बघितलं, चालेल. फक्त खऱ्या पेशंटबद्दल बोलताना नाव, गाव काही सांगायचं नाही, आपल्याकडे आपण सहज "ते अमक्यांचे काका" म्हणतो, तिथे तेवढ्यावरच मार्क जातात. मैत्रिणीनं पेशंटसोबतचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला तर तू काय करशील, असला प्रश्नही येतो. मैत्रिणीला आधी काढायला सांगीन आणि ट्यूटरना कळवीन, दोन्ही. मैत्रीत अवघड आहे, पण 'करेज' तिथेच विचारतायत.

प्रश्न : एक एजंट आहेत, म्हणतात बाहेरच्या राज्यात नर्सिंगची सीट पक्की, इंटरव्ह्यू फक्त नावाला, मुलीचे ओरिजिनल कागद द्या, बाकी मी बघतो. मुलीची आई म्हणते देऊन टाकू. (जालना)

उत्तर : देऊ नका. ओरिजिनल दहावी-बारावीचे मार्कशीट आणि टीसी एकदा हातातून गेले की मुलगी अडकली, नंतर कॉलेज आवडलं नाही तरी कागद सोडवायला पैसे मागतात, अशी रडत आलेली कुटुंबं मी बघितलीयेत.

इंटरव्ह्यू नावाला असेल तर तो तुम्हीच घ्या. स्वतः त्या गावी जा, एजंटला न सांगता. नर्सिंग कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं, किमान १०० खाटांचं, ते कुठाय विचारा आणि वॉर्डात चालत जा. खाटांवर माणसं आहेत का नुसत्या गाद्या आहेत ते बघा. कॉरिडॉरमध्ये युनिफॉर्ममधली एखादी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलगी भेटली तर तिला विचारा की आतापर्यंत डिलिव्हरी किती बघितल्यास, पोस्टिंग कुठे कुठे झालं, त्या मुली खोटं बोलत नाहीत. कौन्सिलची आणि युनिव्हर्सिटीची मान्यता ह्या वर्षाची आहे का ते कागदावर बघा, भिंतीवरच्या फ्रेममधलं सर्टिफिकेट किती सालचं आहे तेही बघा. पुढे मुलीला इथे येऊन नोकरी करायची तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन लागेल, तिथे आधीच फोन करून विचारा की ह्या कॉलेजच्या मुलींचं होतं का.

आणि कागद द्यायचेच झाले तर कॉलेजच्या ऑफिसात, ॲडमिशन पक्की झाल्यावर, कोणकोणते दिले त्याची सही-शिक्क्याची पावती घेऊन. त्याआधी सगळ्याचे तीन-तीन सेट झेरॉक्स, डोमिसाईल आणि कास्ट व्हॅलिडिटीसकट, आणि मोबाईलमध्ये स्कॅन. व्हॅलिडिटीचा अर्ज अजून केला नसेल तर एजंटला फोन करायच्या आधी तो करा, त्याला महिने लागतात.